तुऱ्याचा फॉर्म

हसायचं तर खुशाल हसा, पण हे घडलंय. दहावी ब, मंगळवार, भरदुपारचा पाचवा तास. मी वर्गाची मॉनिटर, म्हणजे सगळ्यांची बोलणी खाणारी!

वर्गात स्मार्ट बोर्ड आला आणि डोक्याला ताप झाला. पेन इथं टेकवा, रेघ वीतभर तिकडे. सर उभे राहिले की गणितावर त्यांचीच सावली. आम्ही उतरवून घेतोय तोवर पान गायब!

सगळ्यात जास्त ओरडायचा तुरा. डोक्यावर केसांचा तुरा कायम उभा, म्हणून हे नाव. बसायचा शेवटच्या बाकावर.

"सर, दिसत नाही!"

"गप रे, रोजचंच तुझं," पहिल्या बाकावरून मीच खेकसायचे.

सहामाहीच्या सुट्टीत तो तापानं गेला. हजेरीत नाव मात्र तसंच राहिलं.

मग बोर्डाबद्दल विद्यार्थ्यांची मतं मागवणारे फॉर्म आले. हेडबाई म्हणाल्या, "पटावर बेचाळीस, तर फॉर्म बेचाळीस. मला घोळ नकोय."

जमले एक्केचाळीस.

मी वैतागले होते. उरलेला फॉर्म मीच भरला. तुऱ्याच्या नावानं.

'बोर्डावरचं स्पष्ट दिसतं का?'

होय.

बरोबरची खूण केली आणि गठ्ठा ऑफिसात देऊन आले.

पाचव्या तासाला सर खुर्चीत बसून लॅपटॉपशी झटापट करत होते. प्रोजेक्टर चालू, बोर्ड कोरा. समोर कुणीच नव्हतं.

आणि बोर्डावर सावली पडली...

बारीक मान. डोक्यावर उभा तुरा.

"ए, खाली बस, कोण ते!" सर न बघताच ओरडले.

कुणी उभंच नव्हतं.

टक्... टक्... बोट टेकल्यासारखा आवाज आला. सावलीच्या हातापासून वीतभर लांब निळी अक्षरं उमटली.

'दिसत नव्हतं.'

सरांनी धावत जाऊन प्रोजेक्टरची वायर उपटली. उजेड गेला. अक्षरं गेली.

सावली... तशीच होती. तास संपल्याची घंटा होईपर्यंत.

मी तडक ऑफिसात पळाले.

"बाई, एक फॉर्म परत द्या. खोटा आहे तो."

"गठ्ठा गेला पुढे. सगळा वर्ग खूश! अख्ख्या मजल्याला बोर्ड मिळतायत, आणि तुला आत्ता सुचतंय?"

"अहो बाई, ते त्याचं मत नव्हतं!"

"त्याचं म्हणजे कुणाचं?"

मी नाव सांगितलं. हेडबाईंनी हजेरी उघडली आणि त्याच्या नावावर लाल रेघ मारली.

"झालं समाधान? जा आता."

इतका संताप आला मला! पण जाऊन सांगणार कुणाला?

आता रोज पाचव्या तासाला माझ्या बाकाशी कुणीतरी येऊन उभं राहतं... अगदी खांद्याजवळ. इथून बोर्ड नीट दिसतो.

मी मान वळवत नाही. कुठल्या तोंडानं बघू त्याच्याकडे?