निळ्या दाराचं घर

संगमरवरी पाटी धाकट्या भावाने स्वेटरच्या गुंडाळीतून बाहेर काढली, भाड्याच्या खोलीतल्या पलंगावर उताणी ठेवली आणि सगळ्यांना हाका मारून बोलावलं... "आमचे पूज्य आजोबा याच वास्तूत जन्मले," असं तो मोठ्यांदा वाचत होता, आणि थोरली बहीण आत न येता दाराशीच उभी राहिली. पाटी नऊ किलोंची होती. विमानतळावर सामान जास्त भरलं तेव्हा तिचीच बॅग निम्मी रिकामी करण्यात आली, कारण ताईला असं लागतं कितीसं! तिचा एकुलता एक स्वेटर तेवढा राहिला, तोही पाटीला ओरखडे पडू नयेत म्हणून.

गेली एकोणीस वर्षं गारठा सुरू झाला की हे कुटुंब आजोबांच्या मुलखात येई. आजोबा तरुणपणी इथून गेले आणि परमुलखात संसार थाटून तिथेच संपले. त्यांच्या मुलाला, म्हणजे थोरलीच्या वडिलांना, सगळे अप्पा म्हणत. अप्पांना इथली हवा मानवे, गुडघे दुखत नसत, आणि मुख्य म्हणजे इथे आलं की त्यांना खानदान असे.

थोरली जुन्या दस्तऐवजांच्या कचेरीत कारकून. त्यामुळे पहिल्या वर्षी आजोबांचं घर शोधायचं काम ओघानेच तिच्याकडे आलं. तीन दिवस तिने नोंदवह्या उपसल्या आणि चौथ्या दिवशी सापडलं... आजोबा कुणाच्या घरात जन्मलेच नव्हते. नदीकाठच्या अनाथालयाच्या भिंतीत एक फिरता कप्पा होता, बाहेरून मूल ठेवायचं, आतून कुणीतरी घ्यायचं. त्यात एका पहाटे ते मिळाले होते. नाव, आडनाव, जन्मतारीख, सगळं तिथल्या कारकुनाचं औदार्य. संध्याकाळी अप्पांचा आशेने उजळलेला चेहरा समोर आला आणि तिचा धीर गळाला. ती त्यांना घेऊन निघाली आणि रस्त्यात जे पहिलं देखणं घर लागलं, दगडी, निळ्या दाराचं, त्याच्यापुढे थांबून म्हणाली, हेच. अप्पा उंबऱ्यावर डोकं टेकून लहान मुलासारखे रडले.

आत एक म्हातारी सुईण एकटीच राहत होती. वर्षातून एकदा पाचसहा माणसं येतात, भिंतींवरून हात फिरवतात आणि डोळे पुसतात, ही करमणूक सोडायला ती काही खुळी नव्हती. ती सगळ्याला हो म्हणे. पाचव्या वर्षी तर तिने आजोबांचा पाळणा टांगला होता ती जागाही दाखवली.

यंदा बरोबर होऊ घातलेले व्याही होते, निवृत्त न्यायाधीश. धाकट्याच्या मुलीचं त्यांच्या मुलाशी जुळत आलं होतं, आणि पहिल्याच भेटीत त्यांनी घराणं कुठलं ते विचारलं होतं. पाटी हे त्या प्रश्नाचं उत्तर होतं.

पण निळं दार उघडलं ते सुईणीच्या भाच्याने. मावशी चार महिन्यांपूर्वी गेली, आता घर त्याच्याकडे होतं. तो दातांचा डॉक्टर. धाकट्याच्या हातातलं ड्रिल त्याने धंदेवाईक कुतूहलाने पाहिलं, पाटी वाचली आणि अगदी सभ्यपणे सांगितलं की हे घर त्याच्या आजोबांनी बांधलं, कागद आहेत, आणि त्यावरचं साल पाटीवरच्या जन्मसालाच्या कितीतरी नंतरचं आहे.

सगळे पाटी घेऊन रस्त्यावर आले. न्यायाधीशांनी घसा खाकरला.

"ताई," धाकटा म्हणाला, "घर तू शोधलं होतंस. आता खरं कुठलं ते सांग."

तिने अप्पांकडे पाहिलं. अप्पा काठीच्या टोकाने रस्त्यावरचा एक खडा उकरत होते. एक वाक्य... फक्त एक वाक्य बोलली असती तर ती सुटली असती, पण त्या वाक्याने म्हाताऱ्याचं आडनावच काढून घेतलं असतं, तेही परक्या माणसादेखत!

"चुकलं माझं," ती म्हणाली. "साल वाचताना गोंधळ झाला. खरी नोंद आता मिळायची नाही."

मग जे व्हायचं ते झालं. एकोणीस वर्षं आपला बाप कुणा दातवाल्याच्या उंबऱ्यावर डोकं टेकत होता, असं धाकट्याने तीनदा सांगितलं. अप्पांच्या आजारपणात थोरलीचं लग्न राहून गेलं होतं. भावजय म्हणाली, वेळेवर केलं असतं तर निदान स्वतःचं तरी घर सापडलं असतं. पुढच्या वर्षीपासून ताईने यायची गरज नाही असं ठरलं. सगळ्यांनी अप्पांकडे पाहिलं.

"तुझा बाप म्हणवून घ्यायची लाज वाटते," अप्पा म्हणाले.

न्यायाधीशांनी सवयीप्रमाणे निकाल राखून ठेवला.

दुपारी अप्पांना फिरायला जायचं होतं. धरायला कुणीतरी हवं म्हणून थोरली. ती शालीत कुडकुडत चालत होती आणि अप्पा, ज्यांना नेहमीच्या मुक्कामातलं न्हाणीघरही विचारून शोधावं लागे, ते कुणालाही न विचारता दोन गल्ल्या ओलांडून नदीकाठी आले. एका लांबलचक इमारतीच्या मागच्या भिंतीत, कमरेच्या उंचीवर, विटांनी बुजवलेला एक चौकोन होता. अप्पांनी त्यावर तळहात टेकला.

"इथं होता तो कप्पा. मी दहा वर्षांचा असताना वडिलांनी सांगितलं. पुन्हा कधी विषय काढला नाही. पहिल्या वर्षीच मी एकदा येऊन पाहून गेलो होतो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तू निळ्या दारापाशी थांबलीस तेव्हाच कळलं, तुला सगळं सापडलंय. पोरगी शहाणी आहे, म्हटलं. त्या दिवशी रडलो ते काही घरासाठी नव्हे."

एकोणीस वर्षं ज्या एका कौतुकाच्या शब्दासाठी ती आसुसली होती तो असा भिंतीपाशी मिळाला... तिने डोळे पुसले.

"मग आज का नाही बोललात, अप्पा?"

"तू बोललीस की," ते म्हणाले. आणि मग, समजूत घालावी तशा मऊ आवाजात, "त्याच्या मुलीचं लग्न आहे गं. तुझं काय अडलंय?"

अप्पांनी त्या विटांवर कपाळ टेकलं, त्यांचे खांदे हलू लागले, आणि ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, थंडीने बोटं बधिर होईपर्यंत. मग तिने शालीचं एक टोक त्यांच्यावर ओढलं आणि दोघं परतली.

सगळे जेवायला खोळंबले होते. इतका वेळ कुठे होतात, धाकट्याने विचारलं.

"हिला काय विचारतोस," अप्पा म्हणाले. "हिने पुन्हा रस्ता चुकवला."

सगळे हसले. सकाळपासून पहिल्यांदाच न्यायाधीशही हसले, आणि धाकट्याचा जीव भांड्यात पडला. शालीखाली अप्पांनी तिचा हात घट्ट धरून ठेवला होता.

तिने तो सोडवून घेतला नाही. सगळ्यांबरोबर तीही थोडं हसली.