भरताचं कंकण

मांडवात शिरताना लोक बाहेर चपला काढत आणि आत येताच मनगटात भावकंकण अडकवत. कुडाळच्या आसपास आता ही सवयच झाली होती. नटाच्या हातातलं कंकण त्याची नाडी, घाम, स्नायूंची थरथर टिपायचं. तेच स्पंदन प्रेक्षकांच्या त्वचेवर उमटायचं आणि मेंदू त्याचा भाव ओळखायचा. नट खोटं रडला, तर मांडवात कुणाच्याही डोळ्यांत पाणी येत नसे.

त्या संध्याकाळी भरतभेटीचा प्रयोग होता. वैजयंती परुळेकर राम, धाकटी बहीण रोहिणी भरत. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर वैजयंतीचा आवाज पातळ झाला होता. यंदापासून रोहिणीनंच राम करावा, असं कंपनीतल्या सगळ्यांनी ठरवलं. पण रोहिणी ठामपणे नाही म्हणाली होती.

"ती माझी कीव करतेय," वैजयंती रंगपटात कंकणवाल्या तन्वीर मुकादमला म्हणाली. "तसं असेल तर आजचा राम शेवटचा. मला प्रेक्षकांचं कंकण दे, तिच्या मनात काय आहे ते कळू दे."

"ताई, नटाला नाही देत आम्ही. दुसऱ्याचा भाव अंगात आला की गोंधळ उडतो."

"उडू दे. आणि रोहिणीला सांग, मी घातलंय म्हणून. चोरून नको."

तन्वीरनं सांगितलं. रोहिणी नुसती हसली.

प्रवेश सुरू झाला. भरत धावत आला, रामाच्या पायांशी बसला, राज्य नको म्हणाला. पुढच्या रांगेतल्या बायकांनी सवयीनं पदर डोळ्यांकडे नेले. मग त्यानं पादुका मागून घेतल्या, डोक्यावर ठेवल्या, आणि मांडवभर एक ऊब पसरली. कीव नव्हती, कळ नव्हती. भरतीच्या लाटेनं पाय उचलावेत, तसा निखळ आनंद! पदर तसेच हातात राहिले. एक म्हातारी खुदकन हसली, आणि बघता बघता सगळा मांडव.

वैजयंती पुढचं वाक्य विसरली. तिनं भरताला उचलून छातीशी धरलं.

"अगो, बोल ना!" रोहिणी तिच्या कानाशी कुजबुजली.

"तुला खरंच राम नको?"

"राम झाले तर ही मिठी कोण मारणार मला?"

प्रयोगानंतर कीर्तनकार सबनीसबुवा तणतणत रंगपटात आले. "भरताचा त्याग कुठे गेला? पिढ्यान्‌पिढ्या रडलो आम्ही या प्रवेशाला!"

"बुवा, मीही रडत आले," वैजयंती मुकुट उतरवत म्हणाली. तिच्या पातळ आवाजात हसू मावत नव्हतं. "पण कर्तव्य करताना त्याला एवढा आनंद होत असेल, तर आपण त्याला त्याग का म्हणत आलो?"

बुवांनी मनगटावरचं कंकण काढायला हात नेला. ते अजून उबदार होतं.