निंबाची घागर

आखाजीच्या, अक्षय्य तृतीयेच्या, उन्हानं नवागामातले पत्रे तडतडत होते. भागीरथीबाईंनी कोरी लाल घागर पाटाजवळ मांडली, डांगराचं फळ धुऊन ठेवलं आणि सुनेला हाक मारली. "रंजना, पेटीतला तांब्या काढ. का तुझ्या माहेरी पितरांना प्लास्टिकच्या पिशवीतून पाणी पाजतात?"

घागर निंबाच्या नावाची. निंबा हा बाईंच्या सासूचा पहिला नवरा. तो लढाईत मेल्याची खबर आली, मग सासूनं धाकट्या दिराशी, किसनशी, पाट लावला आणि बाईंचा नवरा छगन जन्माला आला. तरी बाई गल्लीत तोऱ्यानं सांगत, "आम्ही शिपायाच्या घरातले." छगन पांडेसऱ्यात गिरणीच्या पाळीला जाई, म्हणून तीस वर्षं घागर बाईच भरत. ती भरायची मेलेल्या माणसाचीच.

रंजना तांब्याबरोबर एक पिवळं पडलेलं पत्र घेऊन आली. "आजेसासूबाईंच्या लुगड्याखाली होतं. निंबा आजोबांचं. चव्वेचाळीस सालचं."

"वाच मग. मी काय मास्तरीण आहे?"

"'आखाजीला सुटीवर घरी आलो. दारातून हाका मारल्या. तू माझ्या नावानं घागर भरत होतीस, शेजारी किसन. मी जिता आहे म्हणून ओरडलो. कुणी वर पाहिलं नाही. पलटणीत परत आलो, तर इथंही हजेरीत माझं नाव घेत नाहीत. तहान जात नाही. घागर भरू नको...'"

रंजनानं पत्र डोळ्यांजवळ नेलं.

"गिळलं का पुढचं?"

"'दर आखाजीला येतो. यंदा दार निळं आहे.'"

दार आठवड्यापूर्वीच निळं रंगवलं होतं.

बाईंनी पत्र हिसकून पितरांच्या घासासाठी पेटवलेल्या आगारीच्या निखाऱ्यांवर टाकलं. "नवरा जिता असताना सासूनं पाट लावला, हे व्याह्यांना कळलं तर आपल्या पोरीचं, गायत्रीचं, ठरलेलं लग्न मोडेल. तोंड शिवून बस."

"आई, यंदा घागर नाही भरली तर?"

"आणि गल्लीला काय सांगू? सासरा लढाईवरून परत आला म्हणून?" बाईंनी तांब्या उचलला. "निंबा, पाणी घे."

एक तांब्या. चार. बारा. घागर भरेना. खाली फरशी कोरडी.

"बाई, पाणी," दारातून कुणी म्हणालं.

"नळ बाहेर आहे!" बाई कडाडल्या. त्या तणतणत उठल्या, उंबरा ओलांडून बाहेर आल्या.

गल्लीत कुणी नव्हतं.

त्या वळल्या. आत रंजना दुसरी घागर भरत होती.

"ही कुणाची गं?"

रंजनानं पदरानं डोळे टिपले, हात जोडले. "सासूबाई, पाणी घ्या."

"अगं ए भवाने! मी मेले का?"

बाईंचा पाय उंबऱ्यावरून आत पडेना.

रंजना वर न पाहता पाटाकडे वळली. पाटावर बसलेल्या खाकी वर्दीतल्या माणसाच्या रिकाम्या पेल्यावर तिनं तांब्या कलता केला.

"आजोबा, आणखी देऊ?"