दोन बलकांचं अंडं

"अहो, नुसते बघत काय उभे राहिलात? धरा!"

धाकटीने समोर आलेल्या माणसाच्या हातात कोंबडी कोंबली आणि ती दुसरीच्या मागे धावली. माणूस कोण, कुठला, कशाला आलाय, हे विचारायला तिला वेळ कुठे होता? शेडचं दार वाऱ्याने उघडलं होतं, भुरभुर पाऊस लागला होता आणि नव्या तलंगा, म्हणजे नुकत्याच अंडी द्यायला लागलेल्या कोवळ्या कोंबड्या, अंगणभर उधळल्या होत्या. बाबा एका टोकाला, आत्या दुसऱ्या टोकाला आणि मधे ही, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून, चिखलात.

"ओरबाडतेय ती मला!" मागून आवाज आला.

"पंख दाबून धरा! काखेत घ्या. लहान बाळाला घेतात तसं!"

"मी बाळही कधी घेतलेलं नाही हो..."

धाकटीला धावता धावता हसू फुटलं, पाय घसरला आणि ती बदकन चिखलात बसली. हातातली कोंबडी मात्र सोडली नाही. वर बघते तर तो समोर उभा. कपाळावर ओले केस, काखेत शहाण्यासारखी गप्प झालेली तलंग, आणि दुसरा हात तिला उठवायला पुढे केलेला. एवढा वेळ हा हात मोकळा होता तर दुसरी कोंबडी का नाही पकडली, असं काहीतरी ती बोलणार होती. पण हात धरून उठली.

तो गिरणी शोधत होता. वळण चुकला आणि यांच्या फाटकातून आत आला. पलीकडच्या बाजारपेठेत त्याने आणि त्याच्या ताईने नवी बेकरी टाकली होती. आता कोंबडी सांभाळून दिल्यावर रिकाम्या हाताने जायचं कसं, म्हणून त्याने अंड्यांचा एक ट्रे घेतला. आत्याने पैसे घेतले, बाबांनी गिरणीचा रस्ता दाखवला आणि बेकरीवाल्याची छोटी व्हॅन खडखडत निघून गेली.

"अंडी घ्यायला आला होता की चुकून आला होता?" आत्याने विचारलं.

"चुकून," धाकटी म्हणाली.

"पुन्हा चुकेल," आत्या म्हणाली आणि सुट्टे पैसे डब्यात टाकले.

चुकला की हो! दोन-तीन दिवसांनी चुकला, मग परत चुकला, आणि मग त्याच्या चुकण्याचे वार ठरून गेले.

घर तसं लहानच होतं. शेडला लागून दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, फाटकाशी एक टेबल, टेबलावर बाबांनी स्वतः रंगवलेली पाटी: ताजी अंडी मिळतील. विक्री आत्याकडे, डागडुजी बाबांकडे, बाकी सगळं धाकटीकडे. थोरली बहीण लग्न होऊन दूर गेली, आई तिच्याही आधी देवाघरी गेली, तरी ही धाकटी ती धाकटीच राहिली. सकाळी पेट्यांतली कोमट अंडी गोळा करायची, कोरड्या फडक्याने पुसायची, मग खोलीच्या खिडकीवर पोतं टाकून अंधार करायचा आणि एकेक अंडं दिव्याच्या डब्यासमोर धरून बघायचं. डब्याच्या भोकातून उजेड आला की अंडं आतून नारिंगी उजळतं. तडा असला तर दिसतो, डाग असला तर दिसतो, बलकाची सावलीही दिसते. कधी कधी दोन सावल्या दिसतात, एकमेकींना चिकटलेल्या.

त्याला या घरात जुळं म्हणायचे.

जुळं विकायचं नाही, हा आईचा नियम होता. दुकानदाराला काय त्याचं? जुळं घरात राहायचं आणि ज्याचं कोडकौतुक करायचं असेल त्याच्या ताटात जायचं. परीक्षेच्या सकाळी थोरलीला जुळं. तापातून उठल्यावर धाकटीला जुळं. बाबांशी भांडण झालं की दुसऱ्या दिवशी त्यांच्या ताटात जुळं, की भांडण मिटलं. "माझं तुझ्यावर प्रेम आहे" असलं काही या घरात कुणी कधी तोंडाने बोललेलं नव्हतं. बोलायची गरजच पडली नाही.

नव्या तलंगा जुळी फार देतात. त्या मोसमात तर रोज तीन-चार निघत होती. एका सकाळी धाकटीने एक जुळं उजेडात धरलं, जरा जास्तच वेळ धरलं, इकडे तिकडे पाहिलं... आणि हळूच बेकरीवाल्याच्या ट्रेमध्ये ठेवलं. कान तापले तिचे. चोरी केल्यासारखं वाटलं. पुढच्या वेळी दोन ठेवली. मग ती जुळी जपूनच ठेवायला लागली, त्याच्यासाठी. बाबांना आणि आत्याला वाटे, यंदा तलंगांत काही दम नाही, जुळं म्हणून दिसत नाही.

तो आला की ती पटकन हातपाय धुऊन बाहेर यायची.

"आज कोंबड्यांचा मूड कसा आहे?" तो विचारायचा.

"तुमच्यापेक्षा बरा. भुवईला पीठ लागलंय तुमच्या."

"कुठे? इथे?"

"तिथे नाही... डावीकडे... अहो, तुमच्या डावीकडे... जाऊ दे. राहू दे. शोभतंय."

शोभतंय! तोंडातून निघून गेलं आणि तिने जीभ चावली. तो मात्र भुवई न पुसताच उभा राहिला, वेड्यासारखा हसत.

"ताई म्हणते, अंडी घरपोच मागवत जा," तो एकदा म्हणाला. "मी म्हटलं, कशाला उगाच... मला जरा फिरणं बरं वाटतं."

"एवढ्या पावसात?"

"पावसात जास्तच बरं वाटतं."

टेबलामागे आत्याला अचानक खोकला आला.

असे मजेत दिवस चालले होते. पण मग तो जरा गप्प गप्प व्हायला लागला. ट्रे हातात घेतला की खाली बघायचा. एखादं मोठंसं अंडं उचलायचा, फिरवून पाहायचा, काहीतरी बोलायला तोंड उघडायचा आणि "बरं... येतो" म्हणून निघून जायचा. धाकटीला काय वाटलं असेल? तिला वाटलं, कळलं! याला कळलं आणि आता हा लाजतोय! ती दिवसभर शेडमध्ये गुणगुणत फिरली. पुढच्या ट्रेमध्ये तिने निम्मी जुळी भरली. झाकणही नीट बसेना, तेव्हा दाबून दोरी बांधली.

आणि मग ती सकाळ आली.

पाऊस नव्हता, पण हवा ओली होती. बाबा टेबलाशेजारी बसून कोंबड्यांचं पाण्याचं भांडं दुरुस्त करत होते. धाकटी दिव्याच्या खोलीत होती. व्हॅन थांबल्याचा आवाज आला, तशी ती केस सारखे करत दाराशी आली, आणि तिथेच थांबली. बेकरीवाल्याच्या हातात रिकामा ट्रे होता. चेहरा उतरलेला होता.

"आत्या, राग मानू नका," तो म्हणाला. "आजपासून अंडी नकोत. पुढच्या आठवड्यापासून मोठ्या फार्मचा ट्रक येईल आमच्याकडे. ताईने ठरवलंय."

"का हो? काय झालं?" आत्या उभीच राहिली. "आमची अंडी शिळी निघाली?"

"शिळी नाही... कसं सांगू... केक बसतात हो. अंडी मोजून घातली तरी मधून खाली बसतात, जड होतात. दोन गिऱ्हाइकांनी परत आणून दिले. आम्ही नवीन, आम्हाला नाही परवडत ते. कोपऱ्यावरच्या दुकानात तुमचीच अंडी जातात, तीही पाहिली मी. एकसारखी, देखणी. आणि आम्हाला मात्र ही मोठी मोठी, झाकणात न मावणारी. निम्मी तडकलेली. फोडावं तर..." त्याने सुस्कारा सोडला. "फोडावं तर प्रत्येकात दोन-दोन बलक."

बाबांच्या हातातला पाना थांबला.

आत्याने बाबांकडे पाहिलं. बाबांनी आत्याकडे पाहिलं. मग दोघांनी एकदम, सावकाश, दिव्याच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. धाकटीला वाटलं, धरणी दुभंगली तर फार बरं होईल.

"दुकानदार म्हणाला, असली बेढब अंडी कुणी घेत नाही, म्हणून नवख्याच्या गळ्यात मारतात," बेकरीवाला खाली बघत बोलत होता. त्याला यातलं काहीच दिसत नव्हतं. "मला पटलं नव्हतं. पण दर खेपेला तेच... असो. तुमच्याशी ओळख झाली, बरं वाटलं."

बाबा घसा खाकरून उठले. लेकीची अब्रू राखायची तर दोष आपल्याच अंगावर घेतला पाहिजे, एवढंच त्यांना सुचलं. "चूक आमचीच आहे," ते म्हणाले. "निवडताना... गोंधळ झाला. माफ करा."

झालं! मिटलं! बाबांनी माफी मागितली, त्याने मान डोलावली, रिकामा ट्रे टेबलावर ठेवला आणि तो वळला. धाकटी दारातच खिळली होती. गप्प बसलं तर सगळं झाकलं जाईल. कुणी कधी काही बोलणार नाही. बाबा तर नाहीच नाही. फक्त तो परत येणार नाही. आणि जन्मभर समजत राहील की या घराने त्याला टाकाऊ माल दिला. तिने! तिने त्याला टाकाऊ दिलं! लाज कुठल्या कुठे गेली.

"थांबा!"

व्हॅन सुरू झाली होती. ती बूटही न घालता धावली आणि थेट काचेवर हात आपटला.

"टाकाऊ नव्हती ती!" ती धापा टाकत म्हणाली. त्याने घाईघाईने काच खाली केली. "उरलेली नव्हती. गोंधळबिंधळ काही झाला नाही. मी निवडलेली होती. एकेक उजेडात धरून... दिवसदिवस साठवून..."

"निवडलेली? पण का?"

"आमच्यात जुळं विकत नाहीत. कुण्णाला नाही. घरात ठेवतात आणि ज्याच्यावर... ज्याच्यावर जीव असतो ना... त्याच्या ताटात वाढतात." तिने बाहीने डोळे पुसले. "झालं सांगून. केकचं मला काय ठाऊक? आम्ही कधी केक केला नाही. मला वाटलं, तुम्हाला आवडेल. आता जा त्या ट्रकवाल्यांकडे."

तो गेला नाही. स्टिअरिंग धरून तिच्याकडे बघत राहिला. इंजिन घरघरत होतं.

"म्हणजे... शेवटच्या ट्रेमध्ये..." तो अडखळला, "निम्म्या ट्रेमध्ये होती ती."

"हो."

"एवढा?"

"काय एवढा?"

"जीव."

"मोजू नका!" ती म्हणाली, आणि रडता रडता तिला हसू आलं.

"आणि मी ताईशी भांडतोय," तो म्हणाला. "ती म्हणते, त्या मुलीने तुला चांगला मामा बनवलाय. मी म्हणतो, नाही, ती तशी नाही. ते बसलेले केक कुणी खाल्ले, माहितेय? मीच. ताईला दिसू नयेत म्हणून. शर्टाचं बटण लागेनासं झालंय!"

"मग पहिल्याच दिवशी का नाही बोललात?"

"बोललो असतो तर अंडी बदलावी लागली असती. अंडी बदलली की इथे यायचं कारण संपलं असतं." त्याने मान खाली घातली. कान लाल झाले होते त्याचे. "गिरणी तर मला कधीच सापडली होती. पीठ ताई आणते. मी फक्त... इथे येतो."

मागे कोंबड्यांचा कलकलाट चालला होता. धाकटीला आत्ता कुठे जाणवलं की पाय गार पडलेत आणि आपण अनवाणी चिखलात उभ्या आहोत.

"उद्यापासून केकसाठी एकसारखी देईन," ती म्हणाली. "एकाच बलकाची. ताईंना सांगा, एकदा करून बघा, मग ठरवा. बसला केक, तर खुशाल ट्रक बोलवा."

"सांगतो. आणि... जुळी?"

"ती विकायची नसतात, सांगितलं ना आत्ता?" ती म्हणाली. "ज्याला हवीत त्याने घरात येऊन खायची."

तेवढ्यात फाटकाशी आत्याचा आवाज दणाणला, "अगं, त्यांना तिथेच उभं ठेवून काय बोलतेस? आत आण! तवा तापलाय!"

बेकरीवाला दचकला. "आत्यांना... सगळं ऐकू गेलं?"

"ऐकायची गरजच नव्हती. तुम्ही दोन बलक म्हणालात तेव्हाच तिला कळलं. बाबांनाही कळलं. आमच्या अंगणात न कळलेले तुम्ही एकटेच उभे होता."

"आता मलाही कळलं," तो म्हणाला, आणि त्याने गाडी बंद केली.