न कापलेली पानं

जळगावच्या आमच्या दैनिकात रविवार पुरवणीतलं ‘नवी पुस्तकं’ हे सदर मी १९८१ मध्ये मागून घेतलं. वाचायची आवड होती आणि पुस्तकं आपसूक हातात येणार होती. सहा महिन्यांत लक्षात आलं, की परीक्षणासाठी आलेली पुस्तकं वाचता वाचता आवडीची वाचायची राहूनच जातात. पिंप्राळ्याच्या माझ्या खोलीत टेबलावर कामाची चळत असायची आणि उशाशी वाचनालयातली कादंबरी. घरी आलो की हात उशाकडेच जायचा.

मग मी एक पद्धत बसवली. प्रस्तावना, अनुक्रमणिका, अर्पणपत्रिका, पहिली वीस पानं, शेवटची पाच. मधलं अंदाजानं. बांधणीवाले तेव्हा बऱ्याचदा सोळा पानांचा एखादा फर्मा कापायचा विसरत. पानं कडेनं एकमेकांना जोडलेली राहत. अशी पानं मी तशीच ठेवत असे. सहा वर्षांत कोणी काही विचारलं नाही.

डिसेंबर १९८७ मध्ये सोनगीरहून ‘पाटी आणि पाभर’ आलं. रतिलाल गुरुजी नावाच्या निवृत्त प्राथमिक शिक्षकाच्या आठवणी, स्वतःच छापलेल्या. रिवाजाप्रमाणे दोन प्रती होत्या. एक मला, एक कचेरीच्या कपाटात. सत्त्याण्णव ते एकशे बारा पानं जोडलेली होती. अनुक्रमणिकेत त्या जागी प्रकरण होतं, ‘मंजुळेचा गुरुवार’. अर्पणपत्रिकेत एक ओळ होती, ‘मंजुळेस, जिने सारे सोसले.’

बायको गेलेली दिसते, असं मी ठरवलं. उशाशी असलेल्या कादंबरीत खुनी सापडायला चाळीस पानं उरली होती. वीस मिनिटांत परीक्षण लिहून मोकळा झालो. त्यात हे होतं: ‘मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी सकाळी आठच्या सुमारास मंजुळा कलशावर नारळ ठेवायला गेली आणि तशीच कलंडली. लेखकाने एकही अश्रू ढाळलेला नाही. पुस्तकाचे मर्म या पानांत आहे.’

रविवारी, तेरा तारखेला ते छापून आलं. ‘नारळ’मधल्या ‘ळ’चा खिळा उलटा बसला होता. मी चुकचुकलो, एवढंच.

सोमवारी दुपारी धोतर-कोटातले एक गृहस्थ टेबलासमोर येऊन उभे राहिले. हातात कापडी पिशवी.

“परीक्षण तुमचं का? मी रतिलाल. सोनगीरचा.”

“या, गुरुजी. कसं वाटलं?”

“भाषा चांगली आहे. फक्त आमची मंडळी जिवंत आहे. आज सकाळी तिनंच डबा बांधून दिला.”

पलीकडे मुद्रितं तपासणारे सुपडूनाना खो खो हसले. “अभिमन, येत्या रविवारी वहिनींना उठवून बसव बाबा.”

गुरुजी हसले नाहीत. “चूक कोणाचीही होते. मी त्यासाठी आलो नाही. तुमच्याकडची प्रत काढा.”

कपाटातली प्रत जशी आली तशीच होती. जोडलेल्या पानांत मी पोलादी फूटपट्टी घातली आणि कडा कापल्या. कागद कोरडा होता, सहज सुटला. गुरुजींनी पान एकशे चार उघडलं.

‘शेवटच्या गुरुवारी सकाळी आठच्या सुमारास मंजुळा कलशावर नारळ ठेवायला गेली आणि तशीच कलंडली. मी एकही अश्रू ढाळलेला नाही.’

‘नारळ’मधला ‘ळ’ उलटा होता.

पुस्तक नोव्हेंबरात बांधून झालं होतं. मी परीक्षण लिहिलं ते डिसेंबरच्या दहा तारखेला. ते पान मी तीनदा वाचलं. सुपडूनानांनीही मागून येऊन वाचलं आणि ते जागेवर जाऊन बसले.

गुरुजींनी पिशवीतून हस्तलिखिताची वही काढली. त्या प्रकरणात त्यांनी लिहिलं होतं, की पूजा होईपर्यंत मंजुळाबाई त्यांना चहा देत नाहीत आणि मागितला तर काय काय ऐकवतात.

“प्रुफं मी स्वतः तपासली. हेच छापलं होतं. काल घरातल्या पंचवीस प्रती कापल्या. सगळ्यांत तुमचं आहे.”

“त्यांना कळलंय?”

“पहिली प्रत तिनंच कापली.” गुरुजींनी वही पिशवीत ठेवली. “तेरवा गुरुवार. मार्गशीर्षातला शेवटचा. त्याच्या आत दुरुस्ती छापा. माझं दुसरं काही म्हणणं नाही.”

आमचे संपादक लीलाधरभाऊ जुने, सावध गृहस्थ. “‘नजरचुकीने’ म्हण आणि मोकळा हो,” ते म्हणाले. बुधवारच्या अंकात चौथ्या पानावर तीन ओळी आल्या: ‘नजरचुकीने सौ. मंजुळाबाई यांच्या निधनाचा उल्लेख झाला. त्या हयात आहेत. दिलगीर आहोत.’

त्याच सकाळी कचेरीत जाऊन मी आधी एकशे चार पान उघडलं. मजकूर तोच होता. खाली एक ओळ वाढली होती.

‘ती हयात असल्याचे आदल्याच दिवशी पेपरात छापून आले होते.’

मी तिथंच बसून दुसरी दुरुस्ती लिहिली. ‘हे प्रकरण मी वाचलेले नव्हते. त्यातला मृत्यू माझ्या मनाचा आहे. न वाचता लिहिले.’ खाली पूर्ण नाव घातलं.

“हे छापलं तर तुझं सदर गेलं,” लीलाधरभाऊ म्हणाले. “नोकरीचंही मी सांगू शकत नाही. आणि बाईला काय धाड भरलीय?”

मी पुस्तक त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि फूटपट्टीच्या टोकानं पुस्तक माझ्याकडे सरकवलं. हात लावला नाही.

“उद्याच्या अंकात जाऊ दे.”

गुरुवारी अंकाचे गठ्ठे घेऊन धुळ्याकडे जाणाऱ्या जीपमध्ये मी ड्रायव्हरशेजारी बसलो. सोनगीरला पोचलो तेव्हा पावणेआठ झाले होते. किल्ल्याच्या माथ्यावर ऊन आलं होतं, खाली गल्लीत अजून धूर आणि गारठा. मंजुळाबाई ठेंगण्या, धट्ट्याकट्ट्या. दारातच त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“तुम्हीन माले मारी टाकं ना भाऊ? या, बसा. आते पूजा व्हई जाऊ द्या, मंग चहा देस.”

“मंजुळा, आज राहू दे ना पूजा,” गुरुजी म्हणाले.

“का बरं? पेपरले भीसन?”

मी अंक गुरुजींच्या हाती दिला. चौरंगावर तांदूळ पसरलेले, त्यावर कलश, कलशात आंब्याची पानं. बाईंनी नारळ उचलला.

हात कलशाच्या वर आला आणि थांबला.

नारळ हवेत होता. हात थरथरत नव्हता. खाली येत नव्हता, वर जात नव्हता. त्यांचे ओठ पांढरे पडत गेले.

“वाचा,” मी म्हणालो. “मोठ्यानं वाचा.”

“हे प्रकरण मी वाचलेले नव्हते,” गुरुजी वाचू लागले. “त्यातला मृत्यू माझ्या मनाचा आहे...”

बाई एका बाजूला झुकू लागल्या.

गुरुजींनी पुन्हा वाचलं.

मीही वाचू लागलो. दोघं, वर्गातल्या पोरांसारखे, एका सुरात.

“न वाचता लिहिले.”

नारळ कलशावर टेकला.

बाईंनी दोन्ही हात जमिनीवर ठेवले, मोठा श्वास घेतला. मागं न बघता त्या म्हणाल्या, “मना हात कोन धरेल व्हता?”

गुरुजींनी कोनाड्यातलं पुस्तक काढून एकशे चार पान उघडलं. तिथं पूजेआधीच्या चहाचं भांडण होतं, त्यांनी लिहिलं तसंच. ते पदराआड तोंड लपवावं तसं पुस्तकाआड तोंड करून रडले.

माझं सदर गेलं. नोकरी राहिली, बाजारभावाच्या पानावर. एका दुपारी मी कचेरीचं कपाट उघडलं. सहा वर्षांतल्या दुसऱ्या प्रती तिथं होत्या, जोडलेली पानं असलेल्या त्रेसष्ट. मी एकेक कापत गेलो. त्रेसष्टांतही माझी वाक्यं होती. बहुतेक निरुपद्रवी: कोणाचं बालपण खडतर, कोणाचा निसर्ग बोलका. अकरा पुस्तकांत मी माणूस मारला होता.

अकरा पत्त्यांवर अकरा कार्डं टाकली. ख्यालीखुशाली विचारली, बाकी काही लिहिलं नाही. त्या महिन्यात मी वाचनालयाची वर्गणी बंद केली. कादंबरीत कोणी नुसतं खोकलं तरी मला पुढचं पान उलटवेना.

पहिलं उत्तर बोदवडहून आलं. जीवराम नावाच्या केळीवाल्या शेतकऱ्यानं १९८४ मध्ये आठवणी छापल्या होत्या. आपल्याला मरण कसं यावं हेही लेखकानं त्यात लिहिलंय, असं मी तेव्हा परीक्षणात ठोकून दिलं होतं. उत्तर त्यांच्या सुनेचं होतं, कुंदाबाईंचं. अक्षर वळणदार, निळी शाई.

‘आमचे आबा आपले परीक्षण आल्यानंतर नवव्या दिवशी गेले. केळीला पाणी भरताना, पाटाच्या कडेला, कुदळ हातात धरून. आपण लिहिले होते अगदी तसे. परीक्षणाचे कात्रण आम्ही फ्रेम करून आबांच्या फोटोखाली लावले आहे. घरातल्या कोणाचेही ते पुस्तक पूर्ण वाचून झाले नाही. आपण एकट्यानेच ते एवढे मन लावून वाचले, याचे आबांना शेवटपर्यंत समाधान होते.’