समोरच्या बाकावर

घंटा वाजली तेव्हा टॅम्सिनच्या काट्यावर माशाचा पहिला घास होता. पार्लमेंटात मतदान सुरू झालं की आजूबाजूच्या सगळ्या खानावळींत ही घंटा वाजते आणि खासदार मंडळी ताटं तशीच टाकून पळत सुटतात. मत द्यायचं म्हणजे 'होय'च्या नाहीतर 'नाही'च्या दारातून आत जायचं; उशीर केला तर दारं बंद. टॅम्सिन ट्रेवेला – कॉर्नवॉलची, सरकार पक्षाची, पहिल्यांदाच निवडून आलेली – धावत दारात आली, तर बाहेर फेब्रुवारीचा तिरपा पाऊस. आणि छत्री ऑफिसात.

"या आत," शेजारून आवाज आला. "छत्रीला पक्ष नसतो."

तो येस्टिन प्रॉसर होता. वेल्सचा, विरोधी पक्षाचा. तिच्या मंत्र्यांची बिनपाण्यानं करताना तिनं त्याला कितीदा तरी पाहिलं होतं, पण इतक्या जवळून... नाही. दोघं चिखल उडवत पळाले. छत्री सगळी तिच्याच डोक्यावर, त्याचा खांदा निथळत होता.

"तू कुठल्या दारानं?" त्यानं धापा टाकत विचारलं.

"'होय'च्या. तू?"

"'नाही'च्या. म्हणजे आपलं काही जमायचं नाही म्हणायचं."

ती हसतच 'होय'च्या दारातून आत शिरली. एवढं हसण्यासारखं विधेयकात काय आहे, असं तिला दोघातिघांनी विचारलं.

तो २०१९चा हिवाळा होता. युरोपातून बाहेर पडायचं की नाही, पडायचं तर कसं, यावरून घरोघरी भांडणं लागली होती. पार्लमेंटात तर रोज नवा तमाशा. काल शेजारी बसलेला माणूस आज समोरच्या बाकावर दिसायचा आणि कॉरिडॉरमध्ये भेटला की घड्याळात बघत निघून जायचा. चहाच्या खोलीत प्रत्येक पक्षाची टेबलं ठरलेली. त्यामुळे ही दोघं कप हातात घेऊन मागच्या जिन्यात बसायची आणि भांडायची. तिच्या गावचे कोळी युरोपच्या नियमांना कावलेले, म्हणून ती बाहेर पडण्याच्या बाजूची. तो राहण्याच्या. एकदा भिजून आल्यावर माशांवरून अशीच जुंपलेली असताना त्यानं तिच्या गालावरचा पावसाचा थेंब बोटानं टिपला... आणि मग बराच वेळ कुणालाच मासे आठवले नाहीत.

मार्चमध्ये त्याच्या वडिलांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं, नेमकं सगळ्यात मोठ्या मतदानाच्या दिवशी. अशा वेळी पार्लमेंटात जोडी लावतात. एका बाजूच्याला जाणं भाग असेल, तर दुसऱ्या बाजूचा एक जण आपणहून मत देत नाही, म्हणजे हिशोब सारखा राहतो. याला ना कागद लागतो ना सही. नुसता शब्द. येस्टिननं तो टॅम्सिनकडे मागितला.

"जा तू," ती म्हणाली. "मी त्या दाराकडे फिरकणारसुद्धा नाही."

मतदानाच्या दिवशी दुपारी मुख्य प्रतोद हॅलम यांनी तिला बोलावलं. पक्षाची मतं राखणं हे त्यांचं काम, आणि ते कधी आवाज चढवायचे नाहीत. सकाळपासून आणखी काही जण फुटलेत, एकेका मतावर आलंय, असं त्यांनी सांगितलं. मग मत्स्यखात्यात लवकरच एक खुर्ची रिकामी होतेय, हेही सहज सांगितलं. मी शब्द दिलाय, ती पुटपुटली.

"शब्द तर आपण सगळ्यांनीच दिलाय, पोरी. मतदारांना."

हे सांगताना तिची बाजू घ्यायला मला आवडलं असतं. पण कुणी तिला ढकललं नव्हतं. ती आपल्या पायांनी गेली आणि 'होय'च्या दारातून आत शिरली. सरकार एका मतानं जिंकलं. बाकांवर जल्लोष झाला, कुणीतरी तिच्या पाठीवर थाप मारली. फोनवर येस्टिनचा निरोप आला होता – "बाबा शुद्धीवर आलेत. तू त्या दारानं गेलीस का?"

त्याला काय उत्तर लिहायचं?

त्यानंतर दोन-तीन आठवडे ती जिन्याकडे गेलीच नाही. लिफ्टच्या आरशाकडे पाठ करून उभी राहायची. तेवढ्यात विरोधी पक्षातून कुणीतरी हळूच खडा टाकला – आमच्याकडे या, मोठी बातमी करू. तिला एकदम सुटका सापडल्यासारखं वाटलं. बाजू बदलायची, की फिटलं! शनिवारी ती थेट येस्टिनच्या गावी जाऊन धडकली.

येस्टिननं दार उघडलं आणि बाजूला झाला. त्याचे वडील एमलिन मांडीवर घोंगडी घेऊन टीव्हीवर रग्बी बघत होते. चहा आला. तिनं घाईघाईनं सांगून टाकलं, की ती त्याच्या पक्षात येतेय.

"का?"

देशासाठी, असं म्हणता आलं असतं. पाठसुद्धा करून आली होती. "लाज वाटते म्हणून," ती म्हणाली.

"मग माझ्या पक्षानं तुझं काय घोडं मारलंय?" येस्टिन म्हणाला. "मला तुझं मत नको होतं, टॅम्सिन. मतं आपली वेगळीच आहेत. मी शब्द मागितला होता."

एमलिननी टीव्हीचा आवाज बंद केला. "हा तुला सांगायचा नाही, म्हणून मी सांगतो. मी स्वतः सार्वमतात बाहेर पडायच्या बाजूनं मत दिलंय. या घरात आम्ही तो विषय काढत नाही, नाहीतर जेवण धड होत नाही. म्हणजे त्या दिवशी तू माझ्याच बाजूनं गेलीस, पोरी. मी जिंकलो." त्यांनी घोंगडी वर ओढली. "पण माझा पोरगा माझ्या उशाशी बसला, म्हणून त्याला फसवून जिंकायचं? असलं जिंकणं मला नको."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला खरोखरच वाटलं.

येस्टिन तिला स्टेशनपर्यंत सोडायला आला. गाडी येताना दिसली तेव्हा तिनं विचारलं, "राग... गेला नाही ना?"

"नाही."

"आणि ते... दुसरं?"

"तेही गेलेलं नाही," तो रुळांकडे बघत म्हणाला. "तीच तर पंचाईत आहे."

सोमवारी स्पीकरांची परवानगी घेऊन टॅम्सिन आपल्याच बाकावरून उठली. सभागृह गच्च भरलेलं होतं. ही पण फुटतेय, अशी कुजबुज झाली.

"समोरच्या बाकावरच्या माननीय सदस्यांना मी शब्द दिला होता," ती म्हणाली. "ते वडिलांच्या उशाशी होते, आणि मी तो मोडला. मला कुणी भाग पाडलं नाही. मी पक्ष सोडत नाही, कारण हे पक्षाचं पाप नाही. माझं आहे. मला त्याची लाज वाटते."

ती बसली. डावीकडचे सद्गृहस्थ दूर सरकले, उजवीकडच्या बाईही. हॅलम छताकडे बघत होते. तिची मान खाली, डोळ्यांसमोर फक्त स्वतःचे बूट.

एकाएकी गलका झाला. येस्टिन उठला होता आणि मधली मोकळी जागा ओलांडून सरकारी बाकांकडे येत होता. त्या दिवसांत असं चालत येण्याचा एकच अर्थ व्हायचा. गॅलरीतले बातमीदार एकमेकांच्या पायांवर पाय देत, फोन काढत बाहेर पळाले. त्याच्या पक्षाचा प्रतोद अर्धवट उठून तसाच राहिला. येस्टिन आला आणि तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेत बसला.

"माननीय सदस्यांनी पक्ष बदलला," स्पीकर चष्म्यावरून बघत म्हणाले, "असं समजायचं का?"

"नाही, स्पीकर महोदय. फक्त जागा."

दोन्ही बाजू हसल्या. कितीतरी दिवसांत एकत्र अशा हसल्या नव्हत्या. टॅम्सिनला हसता येईना. कानशिलं तापलेली, डोळे अजून बुटांवर. माफी मिळाली की लाज कमी होते असं तिला वाटलं होतं... ती तर वाढली होती.

तो तिच्याकडे झुकला.

"मान वर कर," तो हळूच म्हणाला. "बाबा टीव्हीवर बघतायत."