थोरल्या कवठीची घोंगडी

साळूबाई बसायच्या आधीच म्हणाल्या, "माझं गाव चोरलंय कुणीतरी."

मुकुंदवाडी स्टेशनाजवळच्या त्या खोलीत तनुजा खाजगी तपासाची कामं घ्यायची आणि वरद टिपणं काढायचा. वरदला हसू आलं. तनुजाला आलं नाही.

खुलासा सोबत आलेल्या त्यांच्या मुलानं केला. शिवम, इथंच कंपनीत कामाला. इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात लेख होता, 'कवठी खुर्दची घोंगडी'. तो वाचून दर रविवारी कुणीतरी सोयगावकडं यायचं, साळूबाईंचा माग बघायचं, पाणी पिऊन जायचं. कवठी खुर्दात आता चूल एकच पेटते. सरकारी यादीत गाव शाबूत आहे. माणसं उरली का, याचं यादीला सोयरसुतक नसतं. दोन महिन्यांपूर्वी कुणीतरी नाव न देता मथळा बदलला, 'थोरल्या कवठीची घोंगडी'. पाहुणे नदीपलीकडं, कवठी बुद्रुकला वळले.

"थोरलीचे लोक लई बेरकी," शिवम म्हणाला. "मी म्हणतो, माय, सोड ते. माझ्याकडं ऱ्हा. ऐकत नाय."

"मला वाचता येत नाय, पोरी," साळूबाई तनुजाला म्हणाल्या. "पर रस्त्याकडं बघता येतं. कुणी येणारच नसंल, तर माग मोडते."

कवठी बुद्रुकचा दुकानदार राजेंद्र फोनवर बिनदिक्कत बोलला. मथळ्याला आपण हात लावला नाही, पण गिऱ्हाईक वाढलं हे खरं. "घोंगडी कवठीचीच. कवठी एकच हाय. ते पल्याडचं खुर्द."

ज्ञानकोशाचे मथळे तपासणारे अप्पाराव पडेगावात भेटले. उद्योग आधी, गाव कंसात, गावाचं नाव सरकारी यादीतलं, असा नियम त्यांनी दोनदा ऐकवला. 'थोरल्या'वर ते भयंकर चिडले होते. पण खुर्द की बुद्रुक, हे पुराव्याशिवाय ठरवणार नव्हते.

"राजेंद्रच," बाहेर येताच वरद म्हणाला. "फायदा त्याचाच."

तनुजानं दुसऱ्या दिवशी मायलेकांनाच बोलावलं.

"राजेंद्रनं बदललं असतं, तर नुसतं 'कवठी' लिहिलं असतं. मोठ्या गावाला आपण मोठे, हे सांगावं लागत नाही. अप्पारावांनी बुद्रुक लिहिलं असतं, कंसात. बुद्रुकला थोरली म्हणायला धाकटीत, खुर्दात जन्मावं लागतं. धाकटीची माणसं मला दोनच माहीत. एकीला अक्षर येत नाही."

शिवम आईकडं वळला.

"पाव्हणे थांबले की एकटी पडशील, मग येशील म्हणलं. दोन खोल्या घेतल्यात, माय."

साळूबाईंनी खांद्यावरची घोंगडी काढली, घडी घातली, पुन्हा उलगडली.

"एकटी? तू गेलास तव्हाच पडले रं. पाव्हणे मागून आले."

तनुजानं शिवमची कबुली कळवली, तोच पुरावा धरून अप्पारावांनी संध्याकाळी मथळा नियमात बसवला. वरदनं फोन पुढं धरून वाचून दाखवलं, 'घोंगडी विणकाम (कवठी खुर्द)'.

साळूबाईंनी कंसांवर बोट ठेवलं. "ह्या दोन कमानी कशाला?"

"गाव नेमकं कोणतं, ते कळावं म्हणून."

"बरं. दोन्हीकडून दार लोटल्यावाणी दिसतंय. आत मी एकली."

शिवम म्हणाला, बसपर्यंत येतो. त्या नको म्हणाल्या. उद्या रविवार होता. अंगण झाडायचं होतं.